जोत्याची आवडती

“त्यांना कुठली आवडायची, एवढं कुणी सांगेल का मला?” लिमये गुरुजींनी विचारलं, आणि घाटावरच्या सगळ्या माणसांनी एकदम माझ्याकडं बघितलं.

कुठली म्हणजे काय कुठली, हे कुणाला फोडून सांगावं लागलं नाही. खाण्यापिण्याचं सगळं ठेवून झालं होतं. आमच्या जोतीरामचं दहावं होतं. कृष्णेच्या पायरीवर पिंड मांडला होता. शेजारी पत्रावळ, तिच्यात पुरणपोळी, भाकरी, मटकीची उसळ, कांदाभजी, पानसुपारी, चुना वेगळा. वर पिंपळावर कावळ्यांची ही गर्दी! ग्रामसभेला आमच्याकडं एवढी माणसं येत नाहीत. पण खाली उतरायला एक तयार नव्हता. यायचा, घिरटी घालायचा, पिंडाकडं मान वाकडी करून बघायचा आणि काहीतरी वंगाळ दिसल्यागत माघारी फिरायचा.

पौषातली सकाळ होती. माणसं शाली गुंडाळून उन्हाला पाठ देऊन उभी. पिंडाच्या शेजारच्या पायरीवर जोत्याची बायको, हौसावहिनी, बसल्या होत्या. जोत्याचीच ती जुनी, लांब दांड्याची काळी छत्री उघडून खांद्यावर घेतलेली. गावाच्या नजरेपासनं तोंड झाकायला धरली असंल, म्हणून कुणी काय बोललं नाही. दुःखातल्या बाईला काय विचारायचं?

“मला पलीकडच्या गावात वास्तुशांत आहे,” गुरुजी म्हणाले. “उशीर झालाय. दर्भाचा कावळा करतो, पिंडाला शिववतो. शास्त्रात तशी सोय आहे.”

“गवताचा कावळा नको,” वहिनी छत्रीखालनं म्हणाल्या. “खरा येईस्तोवर मी हितनं हलायची नाय.”

मागनं कुणीतरी पुटपुटलं, “दारूत जीव अडकलाय त्याचा. दारूनंच गेला न्हवं.”

ते वहिनींनी ऐकलं. मला दिसलं, छत्रीचा दांडा त्यांनी घट्ट धरला. जोत्या गेला होता छातीत कळ येऊन, गिरणीत, पट्टा चढवताना. डॉक्टरनं तसं सांगितलं होतं. पण गावाचा डॉक्टरवर कुठं विश्वास! शनिवारी आमच्याबरोबर बसायचा म्हणजे दारूनंच गेला, असं गावानं ठरवून टाकलं होतं. जाणारा सुटला, पण पोरांना जन्मभर ते ऐकायचं होतं.

म्हणून मी छाती पुढं काढून म्हणलं, “मला माहीत हाय, गुरुजी. तीस वर्षं त्याच्या मांडीला मांडी लावून बसलोय.”

आता कोण कुठं बसायचं ते सांगितलं पाहिजे. माझं दुकान मोटर वायंडिंगचं. शेतातल्या जळलेल्या मोटरी खोलायच्या, नवी तार गुंडाळायची. सातवीत शाळेनं मला सोडलं, तवापासनं तांब्याची तार धरली ती धरलीच. दुकानाला लागून जोत्याची पिठाची गिरणी. शनिवारी संध्याकाळी माझ्या मागच्या खोलीत आमची बैठक. मी, जोत्या, मिलिटरीतनं रिटायर झालेले शेडगे सुभेदार आणि साखर कारखान्याचे डायरेक्टर आबासाहेब.

भरायचं काम जोत्याचं. गिरणीवाला माणूस, मापाला पक्का. पण आमच्या ग्लासात ओतताना माप विसरायचा. आम्ही म्हणायचो, काय मोठ्या मनाचा माणूस! स्वतः मात्र स्टीलच्या पेल्यातनं प्यायचा. “काचेतनं दिसली की मला कसंतरी होतं,” म्हणायचा. पाणीसुद्धा घरच्या विहिरीचं, खांद्याला बाटली अडकवून आणायचा. बाहेरचं पाणी त्याला बाधायचं. आणि समोर कुठलीबी बाटली असू दे, पहिला घोट घेतला की डोळे मिटून म्हणायचा, “एक नंबर!”

उठायच्या वेळेला तो आम्हाला गिरणीच्या तीनचाकी टेम्पोत पिठाच्या पोत्यांवर घालायचा आणि एकेकाला दारात उतरवायचा. आमच्या बायका आधी आमची पाठ बघायच्या. पाठ पांढरी असली की म्हणायच्या, जोतीभावजींनी आणलं, मग दार उघडायच्या. पाठ रस्त्यावरच्या मातीनं काळी असली की ओसरीवर झोप.

आणि त्याला कधी म्हणजे कधी चढली नाही. आबासाहेब म्हणायचे, “ह्याला म्हणतात दर्दी. आपण पितो, हा जाणतो.”

तर मी घाटावर उभा राहून सांगितलं, “जोत्याला आपली साधीच आवडायची. स्टँडामागच्या दुकानातली, क्वार्टर. तिच्यात गोटी सोडा.”

“काय बोलतोयस, सर्जेराव?” शेडगे सुभेदार पुढं आले. मिशीला पीळ, छातीवर मेडल लावायची तेवढी राहिली होती. “कॅन्टीनची! दर वेळेला मला म्हणायचा, सुभेदार, तुमची एक नंबर. मिलिटरीच्या मालात भेसळ नाय.”

“दोघंबी गप बसा,” आबासाहेब म्हणाले. त्यांनी शाल मागं टाकली. ती टाकली की भाषण येतंय हे गावाला माहीत होतं. “तुमच्या दोघांची ती व्हिस्की न्हवं. आपल्याच कारखान्याची मळी असती ती, रंग घातलेली. जोतीरामला स्कॉच आवडायची. माझ्या कानात सांगितलंय त्यानं. आबा, ही एक नंबर, म्हणला.”

“मलाबी तेच म्हणला!”

“मलाबी!”

गुरुजींनी कपाळाला हात लावला. “तिन्ही आणा,” ते म्हणाले. “पण लवकर आणा. आणि माझ्या पानापासनं लांब ठेवा.”

गाडी गेली, गाडी आली. आबासाहेबांच्या ड्रायव्हरनं पेटीच आणली. आबासाहेब एकदा साखर बघायला परदेशाच्या अभ्यास दौऱ्यावर गेले होते. साखरेचं काय बघितलं ते सभासदांना अजून कळलं नाही, पण येताना व्हिस्कीचं समदं शिकून आले. पेटीतनं त्यांनी एक धुराची स्कॉच काढली आणि एक मक्याची अमेरिकन, जावयानं पाठवलेली. सुभेदारांनी कॅन्टीनची काढली. मी माझी क्वार्टर काढली, दुकानातल्या तारेच्या भेंडोळ्यामागनं आणलेली. बूच उघडलेलं होतं तिचं, पण वेळ कुठली होती नवीन आणायला?

देवळाच्या भिंतीच्या आडाला आम्ही चार द्रोण मांडले. आणि तिथं पहिला प्रश्न आला.

“नुसती ठेवायची का पाणी घालून?” सुभेदार म्हणाले.

“नुसती,” आबा म्हणाले. “पाणी घातलं की तिचा आत्मा मरतो.”

“आत्म्याचं इथं नाव काढू नका,” मी म्हणलं. “जोत्या पाणी घालायचा. विहिरीचं.”

“त्याच्या विहिरीचं पाणी आणायचं म्हणजे आणखी उशीर.”

“आणि मुळात ठेवायची कुठली?” आबा म्हणाले. “चारी ठेवल्या तर कावळ्याचा गोंधळ होईल. आपण ठरवलं पाहिजे. जोतीरामच्या तोंडानं चाखून बघायची. म्हणजे त्याला काय आवडलं असतं ते कळंल.”

हे मला पटलं. तुम्हाला हसू येईल, पण त्या वेळेला पटलं. सकाळपासनं पोटात चहाचा घोट नव्हता, समोर चार द्रोण, आणि काम दोस्ताचं. नाही कसं म्हणायचं?

आबांनी शिकवलं. आधी नाक जवळ न्यायचं, पण खुपसायचं नाही. मग वास ओढायचा, तोंड थोडं उघडं ठेवून. मग घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा, गिळल्यावर थांबायचं.

“काय लागतंय?” त्यांनी धुराची स्कॉच चाखून विचारलं.

“धूर लागतोय,” मी म्हणलं. “गुऱ्हाळाच्या चुलवणापाशी तोंड उघडं ठेवून झोपल्यागत.”

“तिकडं दलदलीची माती वाळवतात, ती जाळतात आणि तिचा धूर धान्याला देतात. अठरा वर्षं पिंपात पडून असती ही.”

“अठरा वर्षं पडून राहिलं तर मीबी असाच वास मारंन,” सुभेदार म्हणाले. “मला दवाखान्याचा वास येतोय. जखमेला लावायचं लाल औषध.”

“बरोबर!” आबा एकदम खूश झाले. “जाणकार हेच म्हणतात.”

सुभेदारांनी मिशीवरनं हात फिरवला. आपण जाणकार आहोत हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी खात्री करायला आणखी एक घोट घेतला.

मग मक्याची. ती गोड लागली. आबा म्हणाले, आतनं जाळलेल्या लाकडी पिंपात ठेवतात, म्हणून काकवीची चव येती. मी म्हणलं, मका आमच्यात म्हशीला घालतात, पण म्हशीनं हे कधी सांगितलं नाही. मग कॅन्टीनची. ती सुभेदारांनी सावधान उभं राहून घेतली. ती सरळ होती, घशात जाताना वळणबिळण काही घेत नव्हती. मग माझी क्वार्टर.

आबांनी ती जिभेवर घेतली आणि डोळे मिटून लई वेळ थांबले.

“काय लागतंय, आबा?”

“लोखंड,” ते म्हणाले. “आणि वार्निश.”

“ते माझ्या हाताचं असंल,” मी म्हणलं. “मोटरीचं वार्निश निघत नाय लवकर.”

निकाल लागेना. एका फेरीत कळत नाही, म्हणून दुसरी फेरी घेतली. दुसऱ्या फेरीत मला मक्याची आवडायला लागली आणि सुभेदारांना धुराची. आबा माझ्या क्वार्टरला म्हणाले, “हिच्यात प्रामाणिकपणा आहे.” तिसऱ्या फेरीत आम्ही तिघं रडलो. जोत्या किती चांगला होता, यावर मात्र तिघांचं लगेच एकमत झालं.

“चारी ठेवा,” सुभेदार म्हणाले. “त्याला कुठलं काय कमी पडायला नको.”

आम्ही द्रोण घेऊन पायऱ्या उतरायला लागलो. पायऱ्या सकाळपेक्षा अरुंद वाटल्या. बायका एका बाजूला बसल्या होत्या, त्यांत माझी बायको पारू. तिनं माझ्या चालीकडं बघितलं आणि मग माझ्या पाठीकडं बघितलं. पाठीवर पीठ नव्हतं. तिनं तोंड फिरवलं.

चारी द्रोण पिंडाशेजारी मांडले. मी वर पिंपळाकडं बघून हात जोडले. “जोत्या, बघ. मक्याची हाय, धुराची हाय, कॅन्टीनची हाय, आपलीबी हाय. तुझी कुठली ती घे, बाबा.”

एक म्हातारा कावळा निघाला. तो खाली आला, पिंडाच्या वर पंख फडफडवले, चारी द्रोण बघितले, आणि किंचाळत माघारी गेला. झाडावर जाऊन त्यानं बाकीच्यांना काय सांगितलं देव जाणे, सगळी पलटण वरच्या फांदीवर सरकली.

“झालं का समाधान?” हौसावहिनी म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण सगळ्या माना तिकडं वळल्या. त्या छत्री धरूनच उठल्या.

“सर्जेरावभावजी, तुम्ही म्हणलात, तीस वर्षं मांडीला मांडी लावून बसलो. त्यांच्या पेल्यात कधी बघितलं होतं?”

“पेल्यात?”

“स्टीलच्या पेल्यात.”

मी आठवायला लागलो. पेला आठवत होता. पेल्यावर कोरलेलं नाव आठवत होतं. आतलं काय आठवंना.

“चहा असायचा त्याच्यात,” वहिनी म्हणाल्या. “बिनदुधाचा. दर शनिवारी मी करून, गार करून, त्या पाण्याच्या बाटलीत भरून द्यायची. माझ्या विलासच्या बारशाला पिऊन आले होते. पोराला हातात घ्यायला पुढं झाले, मी दिला नाय. म्हणलं, ह्या हातात माझं पोरगं देणार नाय. त्या दिवसापासनं थेंब नाय घेतला त्यांनी.”

विलास, जोत्याचा थोरला, पिंडापाशी उघड्या अंगानं बसला होता. त्याला हे माहीत नव्हतं. तो आईकडं बघतच राहिला.

“मग आम्ही भरलेला त्याचा पेग?” सुभेदारांनी विचारलं.

“तुम्ही कुठं भरत होता? ते भरायचे. त्यांच्या वाटणीची तुमच्या ग्लासात जायची.”

मोठ्या मनाचा माणूस, असं आम्ही म्हणायचो, ते मला आठवलं. आबासाहेबांनी शाल पुन्हा अंगावर ओढून घेतली.

“अहो, पण एक नंबर म्हणायचा तो!” ते म्हणाले. “डोळे मिटून म्हणायचा!”

“मी केलेल्या चहाला म्हणायचे,” वहिनी म्हणाल्या.

बायकांच्यात कुणीतरी फिसकन हसलं. मघाशी जो मागनं पुटपुटला होता, तो आता पुढच्या कुणाच्या तरी आड सरकला. वहिनींनी नेमकं तिकडंच बघितलं. “दारूनं गेला म्हणत होता न्हवं कोणतरी? आता पुन्हा म्हणा.”

कोण म्हणतंय!

“मग वहिनी, पीत नव्हता तर यायचा कशाला?” मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

“मीबी विचारलं होतं. म्हणाले, गप्पा लई भारी मारतात गं. आणि मी नाय गेलो तर त्यांना घरी कोण सोडणार? सुभेदार कालव्यात पडतील, आबा दुसऱ्याच्याच घरात शिरतील आणि सर्जा चालू मोटरीत हात घालंल.”

ह्यातलं प्रत्येक एकेकदा झालं होतं. गावाला माहीत होतं. म्हणून गाव हसलं, आणि गुरुजीसुद्धा हसले, वास्तुशांत विसरून.

“म्हणजे इच्छा ही राहिलीय,” गुरुजी म्हणाले. “ह्या तिघांची काळजी. मग बाटल्या उचला. शब्द द्या त्यांना.”

शब्द द्यायची आमच्यात रीतच आहे. कावळा शिवत नसला की मागं राहिलेला माणूस हात जोडून सांगतो, तुझ्या पोरीचं लग्न करीन, तुझ्या आईला बघीन. मग शिवतो कावळा. पण आम्हाला जो शब्द द्यायचा होता, तो तोंडातनं निघंना.

सुभेदार पहिले पुढं झाले. टाचा जुळवल्या. “जोतीराम! आजपासनं शनिवार बंद. फक्त पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला घेईन.”

“त्या दिवशी दुकानं बंद असत्यात!” बायकांच्यातनं सुभेदारीणबाई ओरडल्या. “आदल्या दिवशी आणून ठेवत्यात, मला माहीत हाय!”

एक कावळा अर्ध्यापर्यंत आला आणि परत गेला.

“मी धुराची सोडली,” आबासाहेब म्हणाले. मग वर बघितलं. “मक्याचीबी सोडली. फक्त पाहुणे आले तर. कारखान्याचे पाहुणे. तो सहकाराचा प्रश्न आहे.”

कावळा आला, गेला.

“तुम्ही बोला की!” पारू मला म्हणाली.

“जोत्या,” मी म्हणलं, “निम्मी करतो.”

ह्या वेळेला तर कावळा उडालाच नाही. बसल्या जागी त्यानं पाठ फिरवली.

“कावळ्यासंगं घासाघीस करताय होय?” वहिनी म्हणाल्या. “बाजारात आलाय का तुम्ही? त्यांनी एका दिवसात सोडली. कुणी कावळा बसवला नव्हता तवा.”

त्यानंतर कुणी हसलं नाही. विलास गार वाऱ्यात उघडा कुडकुडत होता. नदीचं पाणी पायरीला लागत होतं. मला एकदम जोत्याचा टेम्पो आठवला. त्या पोत्यांवर पडून मी कितीतरी वेळा आभाळ बघितलं होतं आणि मला वाटायचं, आम्ही दोघं सारखेच प्यालोय, पण हा बघा कसा सरळ चालवतोय. लई कौतुक वाटायचं मला त्याचं. ते कौतुक मी चुकीच्या गोष्टीचं करत होतो.

मी नदीत उतरलो. पाणी असं गार, की द्रोणातलं होतं नव्हतं ते सगळं उतरलं. ओंजळीत पाणी घेतलं. सुभेदार आले, आबा आले, धोतर वर धरून. तिघांनी एकदम ओंजळी सोडल्या. “सोडली,” आम्ही म्हणलं. त्याच्या पुढं फक्तबिक्त काही लावलं नाही.

हौसावहिनींनी पदर सारखा केला. छत्री मिटली, काखेत धरली आणि हळूहळू पायऱ्या चढून वर बायकांच्यात जाऊन बसल्या.

त्या बसतात न बसतात तो वरनं कावळा दगडासारखा खाली आला. पिंडाला चोच मारली. त्याच्या मागं दुसरा, तिसरा, मग सगळी पलटणच. भजी गेली, पोळी गेली. त्या झुंबडीत स्कॉचचा द्रोण लवंडला आणि अठरा वर्षांची ती नदीत वाहून गेली. आबासाहेब हुंदका देऊन रडले. गुरुजींना वाटलं, जोतीरामसाठी.

“जोत्या!” मी ओरडलो. सगळा घाट हात जोडून उभा होता. गावात पुढं कितीतरी दिवस तेच बोलणं, की जोतीराम काय माणूस होता, मेल्यावरसुद्धा तिघांना घरी सोडून गेला.

शब्द आम्ही पाळला. भ्यालो होतो म्हणा, लाजलो होतो म्हणा. कुठंबी कावळा ओरडला की सुभेदार दचकायचे. पुढच्या शनिवारी माझ्या खोलीत जमलो, तर एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. काय बोलायचं तेच सुचंना. तेवढ्यात विलास आला. खांद्याला बापाची पाण्याची बाटली. “आईनं दिलीय,” म्हणाला.

आबांनी सवयीनं आधी वास घेतला. घोट जिभेवर फिरवला, थांबले. “लाकडाच्या पिंपाची चव येती,” म्हणाले. मग त्यांनाच हसू आलं, आणि गप्पा सुरू झाल्या. त्या दर शनिवारी होत राहिल्या. आबा गेले तोपर्यंत.

हे सगळं मला आज सांगायचं कारण वेगळंच आहे. परवा विलासच्या गिरणीची मोटर जळाली म्हणून त्याच्या घरी गेलो होतो. वैशाखातलं ऊन. हौसावहिनी आता थकल्यात, पण हात चालतात अजून. अंगणात बाजेवर कुरडया घातल्या होत्या. पांढऱ्या धोतरावर ओळीनं पांढऱ्या कुरडया. आणि बाजेच्या पायाला सुतळीनं बांधलेली, उघडी, काळी छत्री. लांब दांड्याची.

भिंतीवर कावळे बसले होते. ओळीनं. कुरडयांकडं बघत होते, मान वाकडी करत होते. एक उडाला, बाजेपर्यंत आला, आणि काहीतरी वंगाळ दिसल्यागत माघारी फिरला.

मी तिथंच थांबलो. हातात पान्हा तसाच.

“वहिनी, ही छत्री...”

“त्यांचीच हाय. एक काडी मोडलीय, पण कावळ्याला कुठं कळतंय?” वहिनी कुरडया उलट्या करत म्हणाल्या. “उघडी दिसली की जवळ फिरकत नाय मेली. आमची आई पापडाला अशीच बांधायची...”

बोलता बोलता त्या थांबल्या. माझ्याकडं बघितलं. मी कावळ्यांकडं बघत होतो.

“त्या दिवशी ऊन लई होतं, भावजी,” त्या म्हणाल्या.

“पौष महिना होता तो, वहिनी.”

त्यांनी एक कुरडई उचलली, उन्हाकडं धरून बघितली, परत ठेवली. कुठं कच्ची राहिली नव्हती. मग पदराला हात पुसत आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या स्टीलचा पेला घेऊन. पेल्यावर जोत्याचं नाव होतं, घासून घासून निम्मं गेलेलं. ह्या वेळेला मी आधी आत बघितलं. काळा, गार, बिनदुधाचा.

मी घोट घेतला. जिभेवर फिरवला. गिळल्यावर थांबलो, आबांनी शिकवल्यागत. भिंतीवरचे कावळे थांबले होते, वहिनी थांबल्या होत्या.

“कसा झालाय?” त्यांनी विचारलं.

मी डोळे मिटले.

“एक नंबर,” मी म्हणलं.